नववी काडी

लाखेचा व्यापारी यशगुप्त याच्या कोठाराला आग कशी लागली, हे या कथेतल्या कोणीही पाहिलेले नाही. कथा सांगणाऱ्यानेही नाही. गाडीवानाच्या चुलीतून ठिणगी उडाली असे काही जण म्हणत. लाखेच्या ढिगात ऊब साठत गेली असे दुसरे म्हणत. दोन्हींना आधार नाही. आधार एवढ्यालाच आहे की पौष महिन्यातल्या एका दुपारी नदीपलीकडे कोठार होते आणि सूर्य मावळताना नव्हते.

भिक्षुसंघाचे गुरू शास्ते एका वर्षी नदीकाठच्या आम्रवनात राहत असताना त्यांनी ही कथा सांगितली. जवळच्या गावात रंगाऱ्यांची चौसष्ट घरांची एक आळी होती. त्यांना झाडांच्या साली आणि मुळे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची नाव अचानक बुडाली, आणि पंधरा दिवसांत आळीतल्या कढया थंड पडल्या. भिक्षूंची नवी चीवरे पांढरीच राहिली. त्यावरून धर्मसभेत बोलणे निघाले.

"नाव बुडाली एकाची," पूर्णिक नावाचा तरुण भिक्षू म्हणाला, "आणि उपाशी राहिले ते, ज्यांनी जन्मात नावेत पाय ठेवला नाही. हे कसे?"

"ज्याचे त्याचे पूर्वकर्म," वंतक नावाचे वृद्ध थेर डोळे न उघडता म्हणाले.

"चौसष्ट घरांचे एकाच पंधरवड्यात फळाला आले, भंते?"

तेवढ्यात शास्ते आत आले. काय चालले आहे असे त्यांनी विचारले, सांगितलेले ऐकून घेतले, आणि आसनावर बसल्यावर म्हणाले, "हे पूर्वीही घडले आहे. तेव्हा मी तिथे होतो. माझ्या असण्याने ते टळले नाही." मग त्यांनी पुढील वृत्तांत सांगितला.

वेणा नदीच्या काठी पलाशक नगरात दृढसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व लाखेची राई राखणाऱ्या कुळात जन्मला होता. पर्णक हे त्याचे नाव. रानातली लाख पळसावरची असे, पण नगराबाहेर त्याची कोशिंबाची सतरा झाडे होती. वय सत्तरीकडे झुकलेले, बायको गेलेली, मूल नाही.

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. खसखशीच्या दाण्याहून लहान असा तांबडा किडा कोवळ्या फांदीला चिकटतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती लाखेचे कवच रचतो. काही महिन्यांनी त्या कवचातून पुढची पिढी बाहेर पडते. ती जेमतेम हातभर चालते. कोवळी साल सापडली तर बसते, न सापडली तर मरते. म्हणून सगळ्याच फांद्या खरवडायच्या नसतात. किडा बाहेर पडण्याच्या बेतात आला की काही फांद्यांच्या वीतभर काड्या करून दुसऱ्या झाडांना बांधायच्या असतात. या बीजकाड्या. एकवीस दिवसांनी त्या सोडून खरवडल्या तरी चालते. लाख थोडी कमी उतरते, इतकेच.

पलाशकच्या रानात अशी रीत होती की प्रत्येक झाडाची उगवतीकडची फांदी खरवडायची नाही. लाख गोळा करणारे तिला सालीची गाठ मारून ठेवत आणि ही फांदी झाडाची असे म्हणत. कित्येक पिढ्यांत ती कोणी मोडली नव्हती. मोडण्याइतका भाव कधी आला नव्हता, हेही त्याचे एक कारण असावे.

नगरात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या कांकणकारांची आळी होती. चौसष्ट घरे, प्रत्येक घरापुढे एक ओटा, ओट्यामागे एक शेगडी. लाख साठवून ठेवण्याची ऐपत कोणाचीही नव्हती. सकाळी दोन ओंजळी लाख विकत घ्यायची, दिवसभरात तिचे बारा जोड करायचे, त्यांतल्या चार जोडांची किंमत दुसऱ्या दिवशीच्या लाखेला द्यायची आणि उरलेल्या आठांवर घर चालवायचे, असा त्यांचा क्रम होता. नगरात येणाऱ्या लाखेपैकी निम्म्याहून अधिक यशगुप्ताची असे.

कोठार जळाले त्या दिवशी नगरातली लाख चिमूटभरही कमी झाली नव्हती. जे जळाले ते नदीपलीकडे होते आणि आळीत यायला त्याला अजून महिने लागले असते. तरी पाचव्या दिवशी दोन ओंजळींना नऊ जोडांची किंमत पडू लागली आणि बाराव्या दिवशी चौदांची. दिवसाला बारा जोड करणाऱ्या घराला लाखेपुरते चौदा जोड हवे होते. उरलेल्या विक्रेत्यांनी माल मागे सारला. त्यांना कोणी दुष्ट म्हणू नये; उद्या अधिक मिळणार असेल तर आज कशाला, एवढाच विचार त्यांनी केला, आणि तो सगळ्यांनी एकाच सकाळी केला.

बांगड्यांचा भाव वाढवावा, तर खेड्यांतून बाजाराला आलेल्या बायका भाव ऐकून हात मागे घेत. "यंदा राहू दे गं, आहेत त्याच चालतील," असे म्हणून पुढे जात. बांगडीवाचून कोणी मरत नाही. मरायची पाळी येते ती बांगडी करणाऱ्यावर.

पंधराव्या दिवशी राजाने दवंडी पिटवली की लाख जुन्याच भावाने विकली जावी. अधिक घेणाऱ्याला दंड होईल. दुसऱ्या दिवशी बाजारात लाख नव्हती.

"दवंडीच वितळवा आता," आळीतली एक म्हातारी म्हणाली.

"ढोलाचं कातडं तेवढं मला द्या," दुसरीने पुस्ती जोडली, "हातात घालीन म्हणते."

भावाच्या तक्रारी थांबल्या, असे अमात्यांनी राजाला कळवले. ते खरेच होते. जी वस्तू कोणी विकत नाही तिच्या भावाची तक्रार कोण करणार?

रानात याच्या उलट घडत होते. लाख गोळा करणाऱ्यांपर्यंत वाढलेल्या भावाची बातमी पोचली, दवंडी पोचली नाही. त्यांनी झाडावरची कच्ची लाख खरवडली. आधी आपल्या वाट्याची, मग झाडाची. आठ दिवसांच्या वाटेपर्यंतच्या साऱ्या रानात उगवतीकडच्या फांद्या उघड्या पडल्या. ती लाख मागच्या दारांनी आळीत आली आणि काही घरांनी घरातली भांडी देऊन ती घेतली. पण कच्च्या लाखेची बांगडी टिकत नाही. आठवड्याच्या आत ती मनगटावरच तडकली, बायका तुकडे घेऊन परत आल्या, आणि ज्या ओट्यांवर तीन पिढ्यांची गिऱ्हाइके होती ते ओटे त्यांनी टाकले.

माघ लागला तेव्हा जिवंत बीज फक्त पर्णकाच्या राईत उरले होते. त्याने मोजून पाहिले. पाचशे ऐंशी काड्या भरतील असा त्याचा अदमास होता.

पहिले गिऱ्हाईक म्हणून यशगुप्त स्वतः आला. आग लागली तेव्हा त्याच्या दोन गाड्या वाटेत होत्या. वाढलेल्या भावाने त्या दुसऱ्या नगरात विकल्या गेल्या आणि कोठाराची बरीचशी भरपाई झाली. तो पर्णकापुढे जमिनीवरच बसला.

"बाबा, सहापट देतो. बीज म्हणून नको, लाख म्हणून दे."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी पूर्वेकडून आणीन."

"आळीला पूर्वेकडून आणता येत नाही, शेठ."

"ते मला ठाऊक आहे," यशगुप्त म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता. "मी भाव विचारायला आलो होतो. तू नाही म्हणालास. झालं."

अशा कथा पुष्कळदा इथेच संपतात. बोधिसत्त्वाने लोभ नाकारला आणि त्याचे भले झाले, असे म्हणून ऐकणारे उठतात. पण पर्णकाला लोभ नव्हताच. सहापट नाकारायला त्याला काही सोसावे लागले नाही. जे सोसावे लागले ते तीन दिवसांनी राईत आले. तिचे नाव कुवला.

कुवला ही आळीतली कांकणकारीण. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, घरात दृष्टी मंदावलेली सासू. आळीचा एक जुना नियम होता: ज्या घराची शेगडी सलग चाळीस दिवस थंड राहील त्या घराचा ओट्यावरचा हक्क जाई. फक्त विस्तव पेटवून भागत नसे. आळीचा प्रमुख भद्रिल येऊन त्या दिवसाचे बारा जोड मोजी, तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होई. ओटा गेलेल्या घराला चुन्याच्या भट्टीवर दगड फोडण्यावाचून काम नसे, आणि भट्टीवरून ओट्यावर परत आलेले कोणी आळीच्या आठवणीत नव्हते.

"बाबा, आज एकतिसावा दिवस," कुवला म्हणाली.

"ठाऊक आहे."

"तुमच्या राईत लाख आहे."

"राईत बीज आहे. लाख नाही."

"शेगडीला त्यातला फरक कळत नाही."

"म्हणूनच शेगडीपासून लांब ठेवलंय." पर्णक तिच्याकडे न पाहता बोलत होता. "दहा दिवस थांब, कुवले. दहा दिवसांनी किडा बाहेर पडेल. त्यापुढे एकवीस दिवस काड्या झाडांवर राहतील. मग मी स्वतः सोडून आणतो आणि प्रत्येक ओट्यावर वाटतो. कुणाकडून काही घेणार नाही."

"एकतीस आणि एकतीस बासष्ट. ओटा चाळिसाव्याला जातो."

"भद्रिलला मी विनवलं होतं. दोन महिने मोजणी थांबव म्हटलं."

"मग?"

"म्हणाला, आज आगीसाठी थांबवली तर उद्या लग्नासाठी थांबवा म्हणतील."

"त्याचा आज तेविसावा आहे. त्याला बोलायला सवड आहे."

तिने पदराच्या टोकाने झाडाच्या बुंध्यावरची धूळ पुसली. काही करायचे म्हणून.

"बाबा, तुमच्या झाडांना पुढचं वर्ष आहे. मला पुढचा पंधरवडा नाही."

"बारा जोडांना नऊ काड्या लागतात. एकीला दिल्या तर चौसष्ट घरं येतील. चौसष्ट वेळा नऊ किती होतात ते तूच बघ."

"चौसष्ट आले नाहीत," कुवला म्हणाली. "मी आले."

पर्णक उठला आणि दक्षिणेकडच्या झाडाच्या, उन्हात राहिलेल्या, सर्वात भरलेल्या फांदीवरून त्याने नऊ काड्या कापल्या. पाचशे ऐंशींतून नऊ गेल्याने बीज संपत नाही, हा त्याचा अदमास चुकीचा नव्हता. काड्या तिच्या पदरात घालताना तो म्हणाला, "दार लावून घे. कोळसा कोरडा घे, धूर होऊ देऊ नकोस. कुणाला दिसता कामा नये."

त्याने धुराचा विचार केला. वासाचा केला नाही. पन्नास वर्षे लाखेत राहिलेल्या माणसाला लाखेचा वास येत नाही. आळीला मात्र तीन आठवडे तो आला नव्हता.

कुवलेने दार लावले, फटींत चिंध्या कोंबल्या, शेगडी पेटवली. काड्या हाताशी असाव्यात म्हणून ओळीने शेगडीच्या कडेला मांडल्या आणि एकेक उचलून दगडावर खरवडू लागली. लाख तापली, मऊ झाली, तिने ती पाटावर लाटायला घेतली.

"कुवले," कोपऱ्यातून सासू म्हणाली, "ही पळसाची नाही."

"नाही."

"कोशिंबाची आहे."

"हळू बोला, आत्याबाई."

"मी हळूच बोलते आहे. नाकाचं काय करू? कापून ठेवू?"

बाहेर ओट्यावर कोणीतरी येऊन उभे राहिले. मग आणखी कोणीतरी.

"कुवलाताई," शेजारणीचा आवाज आला, "सर्दी झालीय म्हणून बरं. नाहीतर मला वाटलं असतं तुमच्याकडे लाख वितळतेय."

"माझी सर्दी आत्ताच गेली," दुसरी म्हणाली.

कोणी हसले नाही. दार कोणी वाजवलेही नाही. थोड्या वेळाने पावले निघून गेली, आणि ती एकाच दिशेला गेली नाहीत, घरोघर गेली.

कुवलेने हात थांबवला नाही. आठ काड्या झाल्या होत्या. नववी विस्तवाच्या सर्वात जवळ होती. ती उचलली तेव्हा तिच्या अंगठ्याला तांबडे लागले. रंग लागला असे वाटून तिने तो पदराला पुसायला हात नेला, आणि रंग अंगठ्यावरून मनगटाकडे चालू लागला. शेगडीच्या उबेने किडा दहा दिवस आधीच बाहेर पडला होता. तिने जन्मभर लाख वितळवली होती. लाख चालताना पाहिली नव्हती.

तिने अंगठा काडीच्या सालीला टेकवून धरला. जेवढे परत गेले तेवढे गेले. काडी तिने शेगडीपासून दूर, पाण्याच्या मडक्याआड ठेवली.

संध्याकाळी भद्रिल आला. मोजणीला तो नेहमी एकटा येई. त्याने जोड रांगेत लावले, आणि अकराव्याशी थांबला.

"अकरा."

"अकरा," कुवला म्हणाली.

"भद्रिला, तुझा बाप असता तर त्याने बारा मोजले असते," कोपऱ्यातून सासू म्हणाली.

"माझ्या बापाने नुसता धूर पाहून मान डोलावली होती, आत्या. त्यावरून आळीत डोकी फुटली, म्हणून तर बारांचा नियम झाला." भद्रिलने अकरावा जोड उचलून उजेडाला धरला. चांगला होता. तो खाली ठेवताना त्याचा आवाज उतरला. "मी आज बारा म्हणालो तर उद्या समोरच्या घरी आठांना बारा म्हणावं लागेल. कुवले, एक जोड. काठाच्या तुकड्यांतून कर, बारीक कर. उद्या सूर्यास्तापर्यंत थांबतो. लाख उरलीय ना?"

मडक्याआड एका जोडापुरती काडी होती.

"लाख नाही," कुवला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी राईत आली. चौसष्टपैकी त्रेसष्ट घरांतून कोणी ना कोणी होते. बायका होत्या, म्हातारे होते, खरवडायच्या सुऱ्या आणि दगड घरूनच आणले होते. भद्रिलही होता. पर्णक पहिल्या झाडापुढे उभा राहिला.

"दहा दिवस," तो म्हणाला. "फक्त दहा दिवस थांबा."

"तुम्ही दहा म्हणता," शेजारीण म्हणाली, "व्यापारी उद्या म्हणतात, राजा आज म्हणाला. आम्ही कुणाच्या दिवसांनी जेवायचं, बाबा?"

"आत्ता खरवडलंत तर पुढं काहीच नाही. रानात नाही, इथं नाही."

"कुवलेला काल नऊ काड्या दिल्यात तेव्हा पुढचं होतं का?"

याला उत्तर होते. नऊ आणि पाचशे एकाहत्तर यांत अंतर असते, हे कोणालाही मोजून दाखवता आले असते. पण ज्याच्या शेगडीचा पस्तिसावा दिवस आहे त्याला ते कोणत्या शब्दांत सांगायचे, हे पर्णकाला सुचले नाही. कालपर्यंत त्याच्याजवळ एक शब्द होता, कोणालाच नाही असा. तो त्याने खर्चून टाकला होता. तो बाजूला झाला.

दुपारपर्यंत सतरा झाडे उघडी झाली. लाकूड वाहून न्यायला नको म्हणून काड्या झाडाखालीच खरवडल्या गेल्या. वाटणी मात्र नीट झाली. कोणी कोणाचे हिसकावले नाही. प्रत्येकाला नऊ काड्यांची लाख मिळाली, आणि ज्या घरांत माणसे अधिक होती त्यांना उरलेल्या चार. कुवला मागे उभी होती. "तुझ्या नऊ झाल्या, ताई," जाता जाता कोणी म्हणाले. त्यात राग नव्हता.

सगळे गेल्यावर ती पुढे आली आणि पदराआडून काडी काढून तिने पर्णकापुढे धरली. पर्णकाने ती उन्हाकडे फिरवून पाहिली.

"बाहेर पडलेत."

"शेगडीजवळ ठेवली होती."

"फार लवकर. कोंब अजून कडक आहेत. बहुतेक जागा सापडणार नाही."

"बहुतेक?"

"एवढ्या लवकर बांधलेली काडी मी पन्नास वर्षांत पाहिली नाही. लागते की नाही, मला ठाऊक नाही."

"बारावा जोड सूर्यास्ताच्या आत दाखवायचा आहे," कुवला म्हणाली. "दाखवला तर ओटा राहतो. आणखी चाळीस दिवस तरी."

काय करावे हे तिला सांगण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे, असे पर्णकाला वाटत नव्हते. ती काडीकडे पाहत राहिली. सालीवरून तांबडी धूळ एका टोकाला जाऊन परत फिरत होती. पुढे लाकूड नव्हते.

"कशी बांधतात?" तिने विचारले.

"दोन्ही टोकं सालीला टेकली पाहिजेत. मध्ये फट राहिली तर ते तिथंच थांबतात."

राईच्या कडेला सर्वात लहान कोशिंब होते. तिने कमरेला खोचलेला बांगड्या ओवायचा दोरा काढला आणि काडी त्याच्या शेंड्याजवळच्या फांदीला बांधली. एक टोक टेकेना, तेव्हा सोडून पुन्हा बांधली. सूर्यास्ताला भद्रिल तिच्या दारात आला. तिने अकरा जोड दाखवले. तो परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तिचा तेहतिसावा दिवस मोजला.

पर्णकाला तिसऱ्या दिवशी ज्वर चढला. कुवला सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन येई आणि जाताना काडी पाही. चौथ्या दिवशी त्याने विचारले, "काही दिसतं?" ती म्हणाली, "काडीवर कमी झालेत." कमी झाले म्हणजे फांदीवर गेले, की वाऱ्याने उडाले, की मुंग्यांनी नेले, हे खालून दिसत नव्हते. सहाव्या दिवशी पर्णक मेला.

पुढचे पलाशकात सांगितले गेले ते असे: कुवलेचा ओटा चाळिसाव्या दिवशी गेला आणि ती सासूला घेऊन भट्टीवर राहायला गेली. बाकीच्या त्रेसष्ट घरांत शेगड्या एक दिवस पेटल्या, बारा-बारा जोड मोजले गेले, आणि त्यानंतर सगळ्या एकाच वेळी विझल्या. पुढच्या चाळिसाव्या दिवशी सर्वांचाच हक्क संपला. तो कोणाकडे जावा, याची तरतूद नियमात नव्हती, कारण असे कधी घडेल असे नियम करणाऱ्यांना वाटले नव्हते. चैत्रात यशगुप्ताने पूर्वेकडून पाच गाड्या लाख आणली. भाव बरा होता. आळीत गिऱ्हाईक कोणी नव्हते. भद्रिलही तेव्हा भट्टीवर दगड फोडत होता, आणि सवयीने दगड मोजत होता.

कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी तिचा आजच्या जन्माशी मेळ घातला. "तेव्हाचा यशगुप्त म्हणजे आज ज्याची नाव बुडाली तो व्यापारी. तेव्हाचा भद्रिल म्हणजे वंतक. आळी म्हणजे हीच आळी. राई राखणारा पर्णक मी होतो."

वंतक थेरांनी डोळे उघडले.

"त्या जन्मी मी लोभाला नकार दिला, दान केले आणि राईपुढे उभा राहिलो," शास्ते म्हणाले. "तीनही वेळा माझे मन स्वच्छ होते. तरी त्यातून हे घडले. या कथेतला गुण प्रज्ञा हा आहे. तो माझ्या ठायी होता असे मी म्हणत नाही."

"भंते, मग कुवला आज कोण?" पूर्णिकाने विचारले.

"ठाऊक नाही. तिला मी त्यानंतर पाहिले नाही."

"आणि काडी?"

"सहाव्या दिवसापर्यंत बांधलेली होती. गाठ पक्की होती."

पूर्णिक वाट पाहत राहिला. शास्ते त्या जन्मी सहाव्या दिवशीच गेले होते, आणि किडा सालीवर बसला की नाही, हे एकविसाव्या दिवसाआधी डोळ्यांना दिसत नाही.